हवेने थंड होणाऱ्या जुन्या मोटारीचा सुरक्षित प्रवासवेग : फोक्सवॅगन ‘बीटल’च्या निमित्ताने

प्रत्येक वाहनाला दोन वेग असतात. एक त्याचा कमाल वेग. आणि दुसरा, ज्या वेगाने ते तासन्‌तास चालविले तरी त्याच्या कोणत्याही भागास अपाय होत नाही, तो. या दुसऱ्या वेगास प्रस्तुत लेखात ‘प्रवासवेग’ असे म्हटले आहे. सामान्यतः प्रवासवेग हा कमाल वेगापेक्षा बराच कमी असतो. परंतु फोक्सवॅगन कारखान्याने १९५० ते १९७० या काळात आपल्या ‘बीटल’ मोटारीविषयी जी माहिती प्रसिद्ध केली, तीत हे दोन्ही वेग एकच असल्याचे सांगितले होते. ३० अश्वशक्तीच्या मोटारीचा ‘कमाल आणि प्रवासवेग’ ताशी ११० किलोमीटर. ३४ अश्वशक्तीच्या मोटारीचा ११५ किलोमीटर. याचा अर्थ, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून मोटार दिवसभर हाकली तरी चालेल.

हे विधान त्या काळी पोकळ नव्हते. प्रश्न असा की, साठ वर्षांपूर्वीची अशी मोटार आज महामार्गावर नेणाऱ्याने त्यावर विसंबून राहावे काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. कारखान्याच्या विधानामागे कोणती गृहीते होती आणि त्यांपैकी कोणती आज टिकून आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१. रचनेमागील हेतू

फर्डिनांड पोर्शे यांनी या मोटारीची योजना १९३४ मध्ये मांडली. त्या वेळी जर्मनीत नात्सी राजवट होती आणि ‘ऑटोबान’ या रुंद, चौकविरहित महामार्गांची बांधणी सुरू झाली होती. त्या मार्गांवर ताशी १०० किलोमीटर वेगाने सलग धावू शकेल अशी स्वस्त मोटार हवी होती. सामान्य ग्राहकाजवळ मोटार ठेवण्यास बंदिस्त जागा नसणार आणि जर्मनीच्या हिवाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या मोटारीतील पाणी गोठणार, म्हणून इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड करण्याचे ठरले. मागील चाकांच्या पाठीमागे बसविलेल्या, समोरासमोर आडव्या चार सिलिंडरांच्या या इंजिनाची मूळ आखणी फ्रान्झ राइम्श्पीस यांची. हे इंजिन अनेक सुधारणांसह इतके टिकले की, मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची बीटल तयार झाली, तेव्हा एकूण मोटारींची संख्या २,१५,२९,४६४ झाली होती.

सलग वेगासाठी योजलेली युक्ती साधी होती. इंजिनाला त्याच्या आकारमानाच्या मानाने थोडेच काम द्यावयाचे आणि ते संथपणे करवून घ्यावयाचे. ऑगस्ट १९६० पासून आलेल्या ११९२ घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. त्याची ३४ अश्वशक्ती, म्हणजे २५ किलोवॉट, मिनिटास ३६०० फेऱ्यांवर मिळते. चौथ्या गिअरचे प्रमाण ०.८९ आणि मागील आसाचे ४.३७५, चाकाच्या एका फेऱ्यात मोटार सुमारे २ मीटर पुढे जाते. यावरून हिशेब केल्यास ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिनाचे सुमारे ३२५० फेरे होतात आणि ११५ किलोमीटरला सुमारे ३७३०. म्हणजे मोटारीचा कमाल वेग आणि इंजिनाच्या कमाल शक्तीचे फेरे जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. शिवाय कार्ब्युरेटरचा आणि आत येणाऱ्या हवेचा मार्ग मुद्दामच अरुंद ठेवलेला असल्यामुळे याहून पुष्कळ अधिक फेरे इंजिन सपाट रस्त्यावर घेऊच शकत नाही.

या इंजिनात दट्ट्याची धाव ६४ मिलिमीटर आहे. मिनिटास ३७३० फेऱ्यांवर दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सुमारे ८ मीटर होतो. आजच्या सामान्य मोटारीच्या इंजिनात कमाल शक्तीच्या वेळी हा वेग याच्या दुपटीच्या आसपास असतो. झीज आणि जडत्वजन्य ताण यांचा विचार केला तर कारखान्याचे विधान बरोबर होते, असेच म्हणावे लागेल. फेरे या इंजिनाला मारीत नाहीत. मारते ती उष्णता.

२. शक्ती आणि उष्णता यांचा ताळेबंद

मोटारीला धावताना मुख्यतः दोन रोध सोसावे लागतात. टायरांचा रस्त्यावरील रोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बीटलचा आकार गोलसर दिसत असला तरी तिचा रोधगुणक ०.४८ च्या आसपास आहे आणि पुढील क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस मीटर आहे. दोन माणसांसह वजन ९०० किलोग्रॅम आणि टायरांचा रोध वजनाच्या दीड टक्का धरून, तसेच गिअर व आस यांत एकदशांश शक्ती खर्च होते असे मानून, इंजिनाकडून लागणारी शक्ती काढता येते.

ताशी ८० किलोमीटरला ती ९.६ किलोवॉट येते. ९० ला १२.७, १०० ला १६.४, आणि ११५ ला २३.५ किलोवॉट. इंजिनाची एकूण क्षमता २५ किलोवॉट असल्यामुळे हा हिशेब प्रत्यक्षाशी जुळतो, हे वाचकांच्या ध्यानात येईल. ८० वरून ११५ वर जाताना वेग सुमारे ४४ टक्क्यांनी वाढला. शक्ती मात्र जवळजवळ अडीचपट झाली.

आता थंडाव्याची बाजू पाहू. या मोटारीत वाऱ्याच्या झोताने इंजिन थंड होत नाही. भुजादंडाच्या पुलीवरून एका पट्ट्याने डायनॅमो फिरतो. डायनॅमोच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो. आणि तो पंखा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवरील पंखांवर हवा ढकलतो. या हवेचे आकारमान इंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते. तेव्हा चौथ्या गिअरमध्ये ८० वरून ११५ वर गेले असता थंड करणारी हवाही ४४ टक्केच वाढते. सिलिंडरच्या डोक्यात जाणारी उष्णता शक्तीच्या नेमक्या प्रमाणात वाढत नाही, काहीशी कमी वाढते, हे खरे. पण पंखांकडून हवेत जाणारी उष्णतादेखील हवेच्या नेमक्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी वेगाबरोबर डोक्याचे तापमान चढत जाते, आणि कमाल वेगाच्या अगदी जवळच्या टप्प्यात ते सर्वांत झपाट्याने चढते.

बाहेरील हवेच्या तापमानाचाही येथे मोठा वाटा आहे. सिलिंडरच्या डोक्यावरील पंख सरासरी १८० अंश सेल्सियसवर आहेत असे धरू. बाहेरची हवा २० अंशांची असेल तर दोहोंतील फरक १६० अंश. हवा ४२ अंशांची असेल तर १३८ अंश. म्हणजे उष्णता वाहून नेण्याची ओढ सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली. त्यातच तापलेली हवा सुमारे ७ टक्क्यांनी विरळ असल्यामुळे पंखा तितक्याच फेऱ्यांत कमी वजनाची हवा ढकलतो. विरळ हवेमुळे मोटारीला होणारा रोधही थोडा घटतो, परंतु तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. कारखान्याचे विधान उत्तर जर्मनीच्या थंड, सपाट प्रदेशात जन्मले. विदर्भातील उन्हाळ्यात ते जसेच्या तसे लागू पडणार नाही.

३. दुर्बळ जागा

उष्णता वाढली की प्रथम कोठे इजा होते? या इंजिनांच्या बाबतीत उत्तर ठाऊक आहे : तिसऱ्या सिलिंडरची निष्कास झडप. जुन्या रचनेत वंगणतेल थंड करणारा ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच उभा असे, आणि त्यातून तापून निघालेली हवा तिसऱ्या सिलिंडरच्या वाट्याला येई. १९७१ च्या नमुन्यापासून कूलर बाजूला काढून त्याच्या हवेला स्वतंत्र वाट दिली गेली, ती या अडचणीवरील उपाय म्हणूनच.

निष्कास झडप आपली उष्णता मुख्यतः बैठकीवर टेकलेली असताना बाहेर टाकते. वापराबरोबर झडप बैठकीत रुतत जाते आणि टॅपेटचे अंतर कमी होते. हे अंतर नाहीसे झाले की झडप पूर्णपणे टेकत नाही, तिची उष्णता निघून जात नाही, ती लाल होऊन ताणली जाते आणि अखेर तिचे डोके तुटून दट्ट्यावर पडते. म्हणून दर ५,००० किलोमीटरना, इंजिन पूर्ण थंड असताना, टॅपेट तपासण्याची जी सूचना होती ती सुरक्षित वेगाचीच एक अट होती. टॅपेट वेळेवर न पाहिलेले इंजिन ८० किलोमीटर वेगानेही धोक्यात असते.

दुसरे साधन वंगणतेलाचे. या इंजिनात तेल केवळ अडीच लिटर, आणि घर्षण कमी करण्याबरोबरच उष्णता वाहून नेण्याचे कामही त्यालाच करावे लागते. तेलाचे तापमान १०० ते ११० अंशांपर्यंत राहिले तर चिंता नसते. १२० च्या पुढे ते सतत राहू लागल्यास तेल पातळ होऊन बेअरिंगांमधील दाब घसरतो. मूळ मोटारीत हे तापमान दाखविणारे यंत्रच नाही; ते नंतर बसवून घेणे शहाणपणाचे होय.

तिसरी गोष्ट इंधनाची. कारखान्याने कार्ब्युरेटरचे जेट ठरविले ते शुद्ध पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून. इथेनॉलच्या ज्वलनाला वजनाच्या मानाने कमी हवा लागते. म्हणून तेच जेट ठेवून मिश्र इंधन वापरले तर मिश्रण विरळ होते. जर्मनीत २०११ पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकले जाऊ लागले. भारतात २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. वीस टक्क्यांस मिश्रण सुमारे सात टक्क्यांनी विरळ होते. भार जास्त असताना असे मिश्रण सिलिंडरचे डोके आणि निष्कास झडप अधिक तापविते. तेव्हा मोठे जेट बसविल्याशिवाय अशा इंधनावर जुना प्रवासवेग गाठू नये.

४. वेगदर्शकाचा काटा आणि पायाखालची पट्टी

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. उष्णता ठरते ती शक्तीवरून, वेगावरून नव्हे. शांत हवेत सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरला १६.४ किलोवॉट लागतात. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर त्याच वेगाला सुमारे २२ किलोवॉट लागतील. वेगदर्शकाचा काटा हलत नाही, इंजिनाच्या आवाजात विशेष फरक पडत नाही, पंख्याचे फेरेही तेवढेच राहतात. फक्त चालकाचा पाय नकळत खाली गेलेला असतो. इंजिनावरील भार मात्र क्षमतेच्या दोनतृतीयांशावरून जवळजवळ नऊदशांशावर गेलेला असतो. म्हणून अशा मोटारीत काट्यापेक्षा पायाखालील पट्टीकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे.

चढाचेही तसेच. शंभरास पाच असा चढ ताशी ७० किलोमीटरने चढावयास सुमारे १६.६ किलोवॉट लागतात. चौथ्या गिअरमध्ये त्या वेळी इंजिनाचे फेरे सुमारे २,२७० असतात, ॲक्सिलरेटर जवळजवळ तळाला जातो, आणि पंखा संथ फिरत असतो. तिसऱ्या गिअरमध्ये (प्रमाण १.३२) त्याच वेगाला फेरे ३,३७० होतात, थंड हवा दीडपट मिळते आणि सिलिंडरमधील दाब कमी राहतो. ‘इंजिनाला त्रास नको’ या सद्‌भावनेने जो चालक चौथ्या गिअरमध्येच मोटार रेटतो, तोच तिला सर्वांत अधिक त्रास देतो. बोरघाटासारख्या लांब चढावर हा नियम विसरता कामा नये.

येथेच आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. काही मोटारींत डायनॅमोचा लाल दिवा लागला तर विद्युत्‌घट भरला जात नाही एवढाच अर्थ असू शकतो. बीटलमध्ये डायनॅमो आणि पंखा एकाच दांड्यावर आहेत. धावताना तो दिवा पेटला तर पट्टा तुटला असण्याचा संभव आहे, आणि पट्टा तुटला म्हणजे थंडावा संपला. चालकाने तत्क्षणी कडेला थांबून इंजिन बंद करावे. महामार्गावर या एका दिव्याचा अर्थ न कळल्यामुळे काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकते.

५. इंजिनापलीकडील मर्यादा

सुरक्षितता ही केवळ इंजिनाची नसते. १९६० च्या दशकातील बहुतेक बीटलना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. अशी मोटार सेकंदास ५ मीटर प्रतिसेकंद या दराने मंदावते आणि चालकाला ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागतो असे धरू. ताशी ९० किलोमीटरवरून थांबावयास तिला सुमारे ८८ मीटर लागतील आणि ११० वरून १२४ मीटर. आजची मोटार सेकंदास ८.५ मीटर प्रतिसेकंद या दराने मंदावते असे धरले, तर ती ११० वरून सुमारे ८६ मीटरांत थांबते. दुसऱ्या शब्दांत, ९० ने धावणारी बीटल आणि ११० ने धावणारी नवी मोटार यांना थांबण्यास जवळजवळ सारखेच अंतर लागते. पुढे नवी मोटार धावत असताना जुन्या मोटारीच्या चालकाने हे समीकरण मनात बाळगले पाहिजे.

मोटारीचे निम्म्याहून बरेच अधिक वजन मागील चाकांवर आहे. त्यामुळे आडवा वारा लागला की पुढील भाग बाजूला ढकलला जातो, आणि वेगाबरोबर हा परिणाम वाढतो. जुन्या दोलायमान मागील आसामुळे, वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यास मागील चाके आत दुमडण्याची प्रवृत्ती असते. पुढील टायरांत कमी आणि मागील टायरांत जास्त हवा ठेवण्याची कारखान्याची सूचना याच कारणासाठी होती. चारही टायरांत सारखी हवा भरणे ही जुन्या मोटारींच्या बाबतीत सर्रास आढळणारी चूक होय. ज्या मोटारींत ६ व्होल्टचे दिवे आहेत, त्यांचा रात्रीचा वेग दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल इतकाच असावा. दिवसाचा हिशेब रात्री उपयोगाचा नाही.

या सर्व मर्यादा वेग कमी करा असे सांगतात. पण खालच्या बाजूनेही एक मर्यादा आहे. जर्मनीत जड मालमोटारींना ऑटोबानवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असून, युरोपात अशा वाहनांना बसविलेली वेगनियंत्रक यंत्रे ९० वर बांधलेली असतात. हलक्या मोटारींसाठी १९७८ पासून १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. अशा मार्गावर ६५ ने चालणारी जुनी मोटार आपल्या इंजिनाला जपते, पण पाठीमागून येणाऱ्या मालमोटारींच्या दृष्टीने ती अडथळा ठरते. इंजिन वाचविण्याच्या नादात माणसे धोक्यात घालणे योग्य नव्हे. ज्या मोटारीला ८५ किलोमीटर वेग निर्धास्तपणे राखता येत नाही, तिने महामार्ग सोडून जुन्या रस्त्याने जावे, हेच उचित.

६. निष्कर्ष

वारा, चढ आणि वय यांसाठी एकतृतीयांश शक्ती राखून ठेवावी, हा निकष प्रस्तुत लेखकाने येथे स्वीकारला आहे. त्यानुसार २० अंशांच्या हवेत सपाट रस्त्यावर इंजिनाची मर्यादा ३० अश्वशक्तीच्या मोटारीस ताशी सुमारे ९५ किलोमीटर आणि ३४ अश्वशक्तीच्या मोटारीस १०० किलोमीटर येते. १५८४ घन सेंटिमीटरच्या ५० अश्वशक्तीच्या इंजिनास ती ११५ पर्यंत जाते. ब्रेक आणि स्थैर्य यांचा विचार जमेस धरला असता पहिल्या दोन प्रकारांसाठी ८५ ते ९५ आणि शेवटच्या प्रकारासाठी ९५ ते १०५ हा पट्टा समंजस ठरतो. हवा ३५ अंशांच्या वर गेल्यास त्यातून आणखी १० किलोमीटर वजा करावेत. आणि त्यामुळे वेग ८५ च्या खाली जात असेल तर दुपारचा प्रवास टाळून पहाटे निघावे. हे आकडे टॅपेट, तेल, पट्टा आणि ब्रेक सुस्थितीत असलेल्या मोटारीचे आहेत. तशी ती नसेल तर कोणताच आकडा सुरक्षित नाही.

कारखान्याने कमाल वेग आणि प्रवासवेग एक ठेवले, ते नवीन इंजिन, शुद्ध पेट्रोल आणि थंड हवा गृहीत धरून. ती तिन्ही गृहीते आज त्या मोटारींजवळ राहिलेली नाहीत. मूळ आखणी मात्र राहिली आहे, आणि तिचे मर्म हेच की, यंत्राला त्याच्या शक्तीपेक्षा कमी काम द्यावे. कारखान्याने आपल्या काळी कमाल वेगच मर्यादित ठेवून हे साधले. आज तेच काम चालकाने आपल्या पायाने करावयाचे आहे.